मोन्तोने येथील शांतता

‘कोठेही जा, पळसाला पाने तीनच’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो मनुष्य एकतर घराबाहेर कधी पडलाच नसावा, किंवा इतका हिंडला असावा की हिंडण्याचा त्याला वीट आला असावा. तिसरा संभव आम्हांस दिसत नाही. म्हणीतील वनस्पतिशास्त्र निर्दोष आहे. परंतु तिच्यातून जो बोध काढण्यात येतो तो मात्र आळशी माणसाच्या सोयीचा आहे. पाने तीनच, हे कबूल. पण ती कोणत्या मातीत उगवली, त्यांच्यावर कोणती धूळ बसली, त्यांच्या पत्रावळी कोण लावतो आणि त्यांवर कोण जेवतो, हे पाहण्यासाठीच तर शहाणी माणसे घर सोडतात. गेल्या शरद ऋतूत इटलीतील मोन्तोने नावाच्या एका डोंगरगावी आम्ही तीन दिवस राहून आलो. त्या गावाविषयी चार शब्द लिहिताना ही म्हण पुनःपुन्हा आठवते. ती का आठवते हे लेखाच्या ओघात वाचकांच्या ध्यानात येईलच.

आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्या मराठी माणसाची इटलीशी पहिली ओळख पुस्तकांतून होते. व्हेनिसचा सावकार आणि व्हेरोनाचे प्रेमी आम्हांस शेक्सपिअरने दाखविले. फ्लॉरेन्सचे चित्रकार ब्राउनिंगने बोलते केले. मॅझिनी व गॅरिबाल्डी ही नावे तर एके काळी महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत परकी राहिलीच नव्हती. सावरकरांनी मराठीत आणलेले मॅझिनीचे आत्मचरित्र १९०७ साली प्रसिद्ध झाले. बंधनात असलेल्या माणसाने नुकत्याच सुटलेल्या माणसाकडे ज्या आशेने पाहावे, त्या आशेने आमच्या आजोबा-पणजोबांची पिढी त्या देशाकडे पाहत होती. अशा या पुस्तकी इटलीत राजवाडे आहेत, चित्रे आहेत, क्रांतिकारक आहेत. डोंगरातल्या एखाद्या खेड्याला मात्र तिच्यात फारशी जागा नाही. आणि आजच्या प्रवाशाच्या इटलीतही ती नाही. रोम व फ्लॉरेन्स येथे आम्ही यथाशास्त्र सर्व पाहिले. परंतु एकेका चित्रापुढे इतकी डोकी जमलेली असत की, चित्रातील संतांपेक्षा भोवतालच्या भाविकांच्याच मुद्रा आमच्या अधिक परिचयाच्या झाल्या. तेव्हा गर्दीला कंटाळून आम्ही उंब्रियाची वाट धरली.

इटलीच्या द्वीपकल्पात समुद्रकिनारा न लाभलेला असा उंब्रिया हा एकच प्रांत. समुद्राची उणीव तो टेकड्यांनी भरून काढतो. इंग्रजी पुस्तकांत जिला टायबर म्हणतात ती तेवेरे नदी रोमला जाऊन भव्य होण्यापूर्वी याच प्रांतातून एखाद्या सालस मुलीसारखी वाहत जाते. पेरुजियाहून तिच्या काठाने उत्तरेकडे सुमारे चाळीस किलोमीटर गेले म्हणजे, उंबेर्तिदे हे बाजाराचे गाव मागे टाकून, मोटार उजव्या हाताच्या चढणीला लागते. खाली खोऱ्यात मका व तंबाखूची शेते. मध्ये ऑलिव्हची रुपेरी झाडे. वर ओकचे रान. आणि त्याही मागे अपेनाईन पर्वताच्या निळसर रांगा. आम्ही गेलो त्या सकाळी सारे खोरे धुक्याने काठोकाठ भरले होते, आणि त्या पांढऱ्या जलाशयातून मोन्तोनेची टेकडी बेटासारखी वर आली होती. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून श्रावणात कोकणाकडे पाहिलेल्या माणसाला हा देखावा नवा वाटणार नाही. फक्त येथील हवेला ओल्या मातीऐवजी जळत्या लाकडाचा वास होता.

गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटर, म्हणजे आपल्या माथेरानच्या निम्म्याहून थोडी अधिक. लोकसंख्या, आसपासच्या वाड्या धरून, सोळाशेंच्या आसपास. टेकडीला दोन उंचवटे आहेत. एकावर संत फ्रान्सिसचे जुने देवालय, दुसऱ्यावर एका पडक्या किल्ल्याचे अवशेष. आणि दोहोंच्या मध्ये, तटाच्या कवेत, दगडी घरांची दाटी. गल्ल्या इतक्या अरुंद की, समोरासमोरच्या दोन खिडक्यांतील बायकांना मीठमिरची उसनी देण्यासाठी जिना उतरण्याचे कारण नाही. पण खिडक्यांतून बायका दिसत नाहीत हेच खरे. दुपारी एक वाजला की मधल्या चौकातील दुकानांची दारे बंद होतात. एखादे मांजर पायऱ्यांवर ऊन शोधीत बसते. देवालयाची घंटा आपले काम करते आणि गप्प होते. आमच्या स्वतःच्या बुटांचा आवाजही आम्हांस अगोचर वाटू लागला, आणि नकळत आमची चाल हलकी झाली.

जेवणाच्या बाबतीत मात्र हे गाव मुके नाही. त्या प्रांताचा एक आवडीचा पदार्थ आहे. त्याला ‘तोर्ता आल तेस्तो’ म्हणतात. नाव ऐकून वाचकांनी दचकू नये. गव्हाच्या पिठाची जाडसर पोळी थापायची, ती ‘तेस्तो’ नावाच्या तापलेल्या गोल तव्यावर दोन्ही अंगांनी भाजायची, आणि मध्ये चिरून आत पालेभाजी किंवा चीज भरायचे. मांसाहारी लोक मांसाचे काप भरतात. आम्ही परतलेल्या पालेभाजीची तोर्ता मागविली. पहिल्या घासालाच मनात आले की, या तव्याची आणि आपल्या भाकरीच्या तव्याची कोठे तरी जुनी सोयरीक असावी. त्यांचा रोजचा पाव मात्र अळणी असतो. त्याची एक कथा तेथील लोक सांगतात. १५४० साली तिसरा पॉल या पोपने मिठावरील कर वाढविला, पेरुजियाने बंड केले, पोपच्या फौजेने ते मोडले, आणि तेव्हापासून लोकांनी पावात मीठ घालणेच सोडून दिले. कराचे बंड ही इतिहासातील गोष्ट आहे. पावाची कथा विद्वान लोक संशयाने पाहतात. तथापि दांडीची आणि शिरोड्याची आठवण ज्यांच्या घरी आहे त्यांना ही कथा खरी असावीशी वाटली तर नवल नाही. मिठावर कर बसविणारे राज्यकर्ते सर्वत्र सारखेच अदूरदृष्टी असतात.

या निवांत टेकडीला पूर्वी शांततेचा गंधही नव्हता. येथील फोर्तेब्राच्चो घराण्यात आंद्रेआ नावाचा एक सरदार १३६८ साली जन्मला. इतिहासात तो ‘ब्राच्चो दा मोन्तोने’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्या काळच्या इटलीत भाडोत्री सैन्याचे नायक असत. जो पैसा देईल त्याच्या वतीने लढावे, आणि सवड सापडताच स्वतःचे राज्य थाटावे, असा त्यांचा व्यवसाय. ब्राच्चोने पेरुजिया जिंकले, पोपशी वैर मांडले, आणि १४२४ साली आक्विलाच्या वेढ्यात तो प्राणास मुकला. त्याच्या घराण्याचा येथील किल्लाही पुढे त्याच शतकात पोपच्या आज्ञेने पाडण्यात आला. ज्या उंचवट्यावर तो उभा होता तेथे आज दगडांतून गवत उगवते. समोरच्या उंचवट्यावरील फ्रान्सिस्कन मठासाठी बार्तोलोमेओ कापोराली या चित्रकाराने १४६९ साली एक सचित्र प्रार्थनापोथी सजविली होती. ती आज अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील संग्रहालयात आहे. अशा रीतीने पोथी एकीकडे, पराक्रम दुसरीकडे, आणि गाव मात्र आपल्या जागी. आपल्याकडील पुष्कळ जुन्या गावांची कथा याहून वेगळी नाही.

चौकातील उपहारगृहात एक वृद्ध गृहस्थ नित्य येऊन बसत. आम्ही शिक्षक आहोत असे कळताच त्यांनी आम्हांस ‘प्रोफेस्सोरे’ म्हणून हाक मारली आणि जवळची खुर्ची पुढे केली. त्यांना इटालियनखेरीज भाषा येत नव्हती, आणि आमचे इटालियन नमस्कार-चमत्काराच्या पलीकडे जात नव्हते. परंतु गल्ल्यावर बसलेली त्यांची कॉलेजात शिकणारी नात चांगले इंग्रजी बोले. तिच्या मध्यस्थीने दोन दिवस गोष्टी झाल्या. गाव किती शांत आहे, असे आम्ही सहज म्हणालो. म्हातारबुवांनी तटाच्या कठड्याशी नेऊन खालच्या उतारावरील घरे बोटाने दाखविली. त्यांपैकी एका घरी त्यांचा जन्म झाला होता. तेव्हा त्या एका घरात चौदा माणसे, दोन बैल आणि डुकरे राहत. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, आणि पीक अर्धे-अर्धे. या पद्धतीला तिकडे ‘मेझ्झाद्रिया’ म्हणतात. आपण बटाई किंवा अर्धेल म्हणू. त्यांच्या आजोबांच्या वेळी घरात सून आणायची तरी ती गोष्ट मालकाच्या कानावर घालावी लागे. महायुद्धानंतर तरुण माणसे कारखान्यांकडे निघून गेली, आणि १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करण्यास बंदी झाली. म्हातारबुवाही तरुणपणी पेरुजियाच्या कारखान्यात गेले ते निवृत्त होऊनच परतले. “आणि ते घर?” आम्ही विचारले. ते परदेशी माणसाने विकत घेतले आहे. वर्षातून सहा आठवडे तो तेथे राहतो. “आमच्या लहानपणी पाणी खालच्या झऱ्यावरून आणावे लागे,” म्हातारबुवा म्हणाले, “आता त्या घरी पाणीच पाणी आहे. पण ते पोहण्याचे.”

हे ऐकल्यावर त्या शांततेचा स्वाद आम्हांस पूर्वीसारखा निर्भेळ लागेना. आपल्या कोकणातही खोत होते आणि कुळे होती. खोती नाहीशी करण्याचा कायदा १९४९ साली झाला. आपल्या कोकणातूनही तरुण माणसे गिरण्यांकडे गेली, गावे मनिऑर्डरींवर जगली, आणि कुलूप लागलेल्या घरांच्या अंगणांत तुळशीवृंदावने सुकली. शहरातील पाहुणा तेथे जातो आणि म्हणतो, काय ही शांतता! शांतता म्हणजे जणू डोंगरातून निघणारा झराच. वस्तुतः पुष्कळदा ती उठून गेलेल्या माणसांची रिकामी जागा असते. अर्धेलीचे जिणे सुखाचे होते असे आमचे म्हणणे मुळीच नाही, आणि म्हातारबुवांचेही नव्हते. ज्या गडबडीत पोट भरत नाही तिच्यापेक्षा ज्या शांततेत नात कॉलेजात जाते ती बरी, असेच ते म्हणतील. एवढेच की, या शांततेची किंमत कोणी तरी दिली आहे, आणि आपण पाहुणे ती फुकट भोगतो.

मोन्तोनेच्या शांततेची याहून कठोर किंमत देणारे लोक वेगळे होते, आणि त्यांपैकी एकासाठीच खरे पाहता हा लेख लिहावयास आम्ही बसलो आहोत. १९४४ चा उन्हाळा या खोऱ्याला फार जड गेला. २५ एप्रिल रोजी दोस्तांच्या विमानांनी उंबेर्तिदेवर बॉम्ब टाकले, त्यांत सुमारे सत्तर नागरिक मेले. ४ जून रोजी रोम पडले आणि जर्मन सैन्य एकेक टेकडी झुंजवीत उत्तरेकडे हटू लागले. त्याच्या पाठोपाठ तेवेरेच्या खोऱ्यात आली ती १०वी हिंदी डिव्हिजन. तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती, आणि त्या पलटणीत यशवंत घाडगे नावाचा एक नाईक होता. वय बावीस, गाव आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यामधील पळसगाव.

१० जुलै १९४४ रोजी वरच्या तेवेरे खोऱ्यातील एका ठाण्यावर त्याच्या कंपनीने हल्ला केला. त्याच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला, आणि नाईक वगळता सर्व माणसे मेली वा जखमी झाली. मागे कोणी उरले नाही हे दिसत असूनही तो एकटा त्या तोफखड्ड्यावर धावून गेला. बॉम्ब फेकून त्याने मशीनगन व ती चालविणारा दोघांनाही निकामी केले; एकास गोळी घातली; आणि काडतुसे भरण्यास अवधी नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने ठार केले. इतक्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत व पाठीत लागल्या. ज्या ठाण्यासाठी तो धावला त्याच ठाण्यात तो मेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्याची समाधी कोठेही नाही. कासिनो येथील स्मारकावर, ज्यांचे दफन वा दहन कोठे झाले हे ठाऊक नाही अशांच्या यादीत, त्याचे नाव कोरलेले आहे.

मोन्तोनेच्या लोकांनी आणि काही इटालियन युद्धेतिहासकारांनी जुलै २०२३ मध्ये या घाडग्याच्या नावाने एक स्मारक उभारले. ते स्मारक म्हणजे एक छायायंत्र, म्हणजेच उन्हाच्या सावलीवरून वेळ सांगणारे घड्याळ आहे. त्याच्या ब्रीदवाक्याचा अर्थ असा की, आपण सर्व एकाच सूर्याखाली आहोत. इटलीच्या लढाईत पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक होते. ५,७८२ तेथे मेले. आणि त्या लढाईतील वीस व्हिक्टोरिया क्रॉसांपैकी सहा हिंदी सैन्यातील शिपायांना मिळाले. या आकड्यांपुढे माणूस दिपून जातो आणि मग विसरून जातो. पण परक्या गावच्या दगडावर आपल्या मुलखातील आडनाव वाचले म्हणजे विसरता येत नाही. ज्या इटलीची ओळख आम्हांस वर्गातील बाकांवर बसून झाली, तीच इटली या कोकणी तरुणाने पायांखाली तुडविली होती. तिची प्रत्येक टेकडी त्याला चढून माहीत होती, आणि बहुधा तिच्या एकाही चित्रकाराचे नाव माहीत नव्हते.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे बरे नव्हे. हा लढला कोणासाठी? त्याचा स्वतःचा देश तेव्हा परतंत्र होता. ज्या साम्राज्याच्या गणवेषात तो मेला त्याच साम्राज्याच्या तुरुंगात त्या वेळी आमचे पुढारी होते. मॅझिनीच्या देशाकडून स्वातंत्र्याचा धडा घ्यावा म्हणून आम्ही पुस्तके छापली. आणि त्या देशाला हुकूमशाहीतून सोडविण्याकरिता पारतंत्र्यातील मराठी पोर तेथे जाऊन मेले. इतिहासाची अशी गणिते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सुटत नाहीत. काही लोक म्हणतील की तो पगारी शिपाई होता, ब्राच्चोही पगारी शिपाई होता. दोघांत फरक तो काय? आमच्या मते फरक मोठा आहे. ब्राच्चोने पगारावर राज्य मिळविले; घाडग्याने मिळविलेल्या ठाण्यात त्याला स्वतःचे म्हणून एक हातही जमीन मिळाली नाही. ज्याला काहीच मिळवायचे नव्हते असा मनुष्य शेवटच्या क्षणी जे करतो ते पगारासाठी करीत नाही. ते तो बाजूला पडलेल्या सोबत्यांसाठी करतो, आणि ज्यांच्यासाठी करतो ते तर बहुधा ते पाहण्यास उरलेले नसतात.

आणि त्या मशीनगनवरचे चौघे? तेही कोणाची तरी मुले होती. ब्रीदवाक्यातील सूर्य त्यांच्यावरही तळपत होता. ज्या गावाने हे वाक्य निवडले त्या गावाने एकाच्या शौर्याचा गौरव करताना दुसऱ्याच्या मरणाचा उत्सव केला नाही, हे आम्हांस विशेष वाटते. आमच्याकडे स्मारकांना उणे नाही. परंतु पुतळा उभा केला की त्याच्याकडे पाहण्याचे काम संपले अशी आमची समजूत असते. माणगावलाही घाडग्यांचे स्मरण पुतळ्याच्या रूपाने उभे आहे, आणि मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता त्याच गावातून जातो. मोटारी थांबतात, चहा होतो, मोटारी निघतात. पुतळा स्थिर असतो म्हणून डोळ्यांना त्याची सवय होते; छायायंत्रावरील सावली मात्र दर घटकेला सरकते, आणि सूर्य उगवला नाही तर ती मुळी पडतच नाही. स्मरणाचे काम रोज नव्याने करावे लागते, एवढे तरी त्या दगडाने शिकवावे.

तेव्हा म्हणीकडे वळू. पळसाला पाने तीनच, हे मोन्तोनेलाही खरे आहे. तेथेही मालक होते व कुळे होती, तेथेही तव्यावरची पोळी होती, तेथेही माणसे पोटामागे गाव सोडून गेली. परंतु या सर्व सारखेपणात पळसगावचा एक मुलगा सापडेल हे कोणतीही म्हण आगाऊ सांगत नाही. ते जाऊनच पाहावे लागते. ज्या वाचकांना इटलीस जाण्याचा योग येईल त्यांनी रोम-फ्लॉरेन्सनंतर एक दिवस या टेकडीसाठी अवश्य ठेवावा. ज्यांना येणार नाही त्यांना माणगाव दूर नाही. चहा पिऊन झाल्यावर पाच मिनिटे अधिक थांबले तर घरी पोहोचण्यास फारसा उशीर होत नाही. आणि कोठल्याही शांत गावी गेले असता, येथे किती छान शांत आहे असे म्हणण्याआधी, येथून कोण गेले एवढे तेथील एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे. तो सांगेल. सांगण्यासाठीच तो बहुधा तेथे बसलेला असतो.